कच्च्या कैद्यालाही कायदा आहे!

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मन्रो काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. मुलूख गाईगुरांचा, दुधाचा. तिथल्या तुरुंगातली ही हकिगत.

२०१० च्या मे महिन्यात एका कच्च्या कैद्याच्या पलंगावरच्या दिव्याला कागद लावलेला दिसला. शिपाई म्हणाले, काढ. तो काही काढीना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बेड्या घालून दुसऱ्या कोठडीत नेले, पालथा पाडला. बेड्या काढताना झटापट झाली की नाही, यावर दोन्हीकडचे म्हणणे वेगळे. पण पाच सेकंद विजेचा झटका दिला, यावर वाद नाही. कारण काय, तर एक कागद!

गडी गप्प बसला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, तुरुंगात असतानाच, त्याने अंमलदारांवर दावा लावला. सरकारी माणसाने हक्क तुडवला तर थेट त्याच्यावर दावा लावता येतो, असा तिथला १८७१ चा कायदा आहे.

ज्यूरीने निकाल अंमलदारांच्या बाजूने दिला. अपिलातही तो हरला. अंमलदारांचा हेतू वाईट होता हे दाखव, असे त्याला सांगण्यात आले. अहो, दुसऱ्याचे मन काय उघडून दाखवता येते?

अखेर २२ जून २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रायर यांचे. मनातले सिद्ध करायची गरज नाही. त्या प्रसंगी वापरलेले बळ वाजवी नव्हते, एवढे दाखवले की पुरे. कच्च्या कैद्याचा गुन्हा शाबीत झालेला नसतो, म्हणून त्याला शिक्षा देताच येत नाही.

हे आपल्या कामाचे कसे? आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चेच असतात. जामीनदार मिळत नाही म्हणून खेड्यातली कितीतरी पोरे आत कुजतात. आणि आपल्याकडेही वाट आहे. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना नुसते पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने तेच अर्ज मानून १९७९ मध्ये निकाल दिला.

तेव्हा घरचे कुणी आत असेल, तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मागण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानेच दिला आहे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे.