नेम धरायला आरसा कशासाठी?

वाशिंदच्या बाजारपेठेत एखाद्या सुताराच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. फळीवर रंधा मारून झाला, की सुतार ती उचलतो, एक डोळा मिटतो आणि दुसरा डोळा फळीच्या कडेशी आणून तिच्या लांबीवरून नजर टाकतो. फळीला जरासा बाक असला तरी तो त्याला लगेच कळतो. रेल्वेच्या रुळांची देखभाल करणारी माणसेही असेच करतात. रुळाशी वाकतात आणि डोळा रुळाच्या रेषेत आणून दूरवर पाहतात. रेषा सरळ आहे की नाही हे पाहायचे, तर डोळा त्याच रेषेत हवा, हे दोघांनाही अनुभवाने ठाऊक असते.

विद्यार्थी मित्रांनो, याच तत्त्वावरचे एक साधन गोल्फचे खेळाडू सरावासाठी वापरतात. ते साधन म्हणजे एक सपाट आरसा आणि त्यावर आखलेली सरळ रेषा. चेंडू काठीने मारायचा, मग त्यात आरशाचे काय काम? ते आज पाहू.

एका फटक्याची किंमत

गोल्फचे मैदान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले नसेल. मुंबईत चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे असे मैदान आहे. या खेळात लहानसा चेंडू काठीने मारत मारत जमिनीतल्या खळग्यात घालवायचा असतो. असे अठरा खळगे असतात. कमीत कमी फटक्यांत जो हे काम पुरे करील तो जिंकतो. खळग्याभोवती बारीक कापलेल्या गवताची हिरवळ असते. तिथे पोहोचल्यावर चेंडू उडवायचा नसतो, सपाट तोंडाच्या काठीने हलकेच घरंगळत न्यायचा असतो. या फटक्याला 'पट' म्हणतात आणि त्या काठीला 'पटर'.

हा फटका दिसायला सोपा, पण मोठमोठ्या स्पर्धांचा निकाल त्यावर लागतो. टोकियो ऑलिंपिक २०२१ च्या ऑगस्टमध्ये संपले. त्यात भारताची अदिती अशोक महिलांच्या गोल्फमध्ये चौथी आली. चार दिवसांत तिला २६९ फटके लागले. रौप्य आणि कांस्य पदक मिळवणाऱ्या दोघींना प्रत्येकी २६८ लागले होते. चार दिवसांच्या खेळात पदक हुकले ते एका फटक्याने!

एक अंश म्हणजे किती?

खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ५.४ सेंटिमीटर असते. चेंडूचा व्यास सुमारे ४.३ सेंटिमीटर. चेंडू खळग्यात पडायचा, तर त्याचा मध्य खळग्याच्या काठाच्या आतून जायला हवा. जमीन सपाट आहे असे समजू.

आता खळगा ३ मीटरवर आहे आणि फटक्याची दिशा फक्त १ अंशाने चुकली. १ अंशाचा स्पर्शक, म्हणजे टॅन्जंट, ०.०१७५ असतो. ३०० सेंटिमीटरला ०.०१७५ ने गुणा. उत्तर येते सुमारे ५.२ सेंटिमीटर. म्हणजे चेंडूचा मध्य जवळजवळ काठावरून जाईल. अंतर ६ मीटर असेल, तर हीच चूक साडेदहा सेंटिमीटरची होते आणि चेंडू खळग्याला न शिवता निघून जातो.

पटरचे तोंड सपाट असते. त्याने चेंडूवर दिलेला दाब मुख्यतः तोंडाच्या पृष्ठभागाला लंब दिशेने लागतो. त्यामुळे चेंडू कुठल्या दिशेने निघेल, हे बहुतांशी त्या तोंडाच्या दिशेवरून ठरते. तोंड इच्छित रेषेशी काटकोनात आहे की नाही, हे खेळाडू डोळ्यांनीच ठरवतो. पण त्याचा डोळा कुठे आहे?

डोळा फसतो कसा?

हातात पेन्सिल उभी धरा आणि मागच्या भिंतीकडे पाहा. डोके उजवीकडे नेले, की पेन्सिल भिंतीवर डावीकडे सरकल्यासारखी वाटते. डोळ्याची जागा बदलल्यामुळे जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकल्यासारख्या दिसतात. याला पराशय म्हणतात.

खेळाडू चेंडूच्या बाजूला वाकून उभा असतो. त्याचा डोळा जमिनीपासून १४० सेंटिमीटर उंच आहे, पण चेंडूच्या बरोबर वर नसून १० सेंटिमीटर आत, पायांच्या बाजूला आहे असे समजा. चेंडूचा माथा जमिनीपासून ४.३ सेंटिमीटर वर असतो. समरूप त्रिकोण काढून पाहा. चेंडूचा माथा त्याला जमिनीवर सुमारे ३ मिलिमीटर पलीकडे सरकलेला दिसेल.

तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण बरेच खेळाडू चेंडूच्या पुढे, खऱ्या रेषेवर असलेली गवतावरची एखादी खूण हेरतात आणि चेंडूचा माथा व ती खूण जोडून नेम धरतात. खूण १५ सेंटिमीटरवर असेल, तर तेवढ्या अंतरात ३ मिलिमीटरची चूक म्हणजे १ अंशाहून थोडी जास्त. ३ मीटरवर ती ६ सेंटिमीटर होते, आणि खळग्याची त्रिज्या तर ५.४ सेंटिमीटरच आहे! हात बिनचूक असूनही चेंडू बाहेर जाईल.

आरसा काय सांगतो?

सपाट आरशातील प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते आणि वस्तूला प्रतिमेशी जोडणारी रेषा आरशाला लंब असते, हे तुम्ही शिकला आहात. आरसा जमिनीवर आडवा ठेवला, की ही लंबरेषा उभी असते. तेव्हा स्वतःच्या डोळ्याची प्रतिमा आरशावरच्या रेषेवर आली, तर डोळा त्या रेषेच्या बरोबर वर आहे. गवंड्याचा ओळंबा जे काम दोरी आणि वजनाने करतो, ते इथे प्रकाशकिरण करतो.

खेळाडू रेषेला समांतर उभा असल्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा रेषेवर यायला हव्यात. एकच आली, तर मान वळलेली आहे. आरशावर मुख्य रेषेला काटकोनात आखलेल्या आडव्या रेषाही असतात. पटरचे तोंड त्यांच्याशी जुळवता येते.

मात्र आरसा समतल हवा. तो १ अंशाने कलला, तर १४० सेंटिमीटर उंचीवर डोळ्याची जागा सुमारे अडीच सेंटिमीटरने चुकते. सामन्यात हा आरसा वापरायला नियमांची परवानगी नाही. म्हणून सरावात डोक्याची जागा अंगवळणी पाडावी लागते. काही खेळाडू डोळे रेषेच्या किंचित आत ठेवणे पसंत करतात, पण दर वेळी तीच जागा राहते ना, हे तपासायला त्यांनाही आरसा उपयोगी पडतो.

करून पाहा

साहित्य : कडांना चिकटपट्टी लावलेला लहान आरसा, टेबल टेनिसचा चेंडू, काठीच्या टोकाला घट्ट बांधलेला लाकडी डस्टर, दोरा, खडू आणि पाणसळ.

वर्गाच्या सपाट फरशीवर १०.८ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. तिथून ३ मीटरवर चेंडूची जागा ठरवा. आधी कसलीही मदत न घेता वीस फटके मारा आणि किती वेळा चेंडू वर्तुळावरून गेला ते लिहा. मग दोरा ताणून चेंडूपासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत खडूने रेषा आखा. आरशावरही रेषा काढा आणि ती खडूच्या रेषेशी जुळवून आरसा चेंडूच्या जागी ठेवा. पाणसळीने तो समतल करा. वाकून दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा रेषेवर आणा. आता डोके न हलवता मित्राला आरसा उचलून चेंडू ठेवायला सांगा. असे वीस फटके मारा.

शिक्षकांनी तिसरी फेरीही घ्यावी. तीत खडूची रेषा ठेवावी, पण आरसा वापरू नये. म्हणजे फरक रेषेमुळे पडला की आरशामुळे, हे वेगळे काढता येईल. सरावानेही नेम सुधारतो, म्हणून निम्म्या विद्यार्थ्यांनी फेऱ्या उलट क्रमाने कराव्यात.

हा आरसा तुम्हाला प्रयोगशाळेतही भेटेल. काही काटेवाल्या व्होल्टमीटरमध्ये काट्याखाली आरशाची अरुंद पट्टी असते. काट्याने स्वतःची प्रतिमा झाकली, की डोळा बरोबर वर आहे असे समजून वाचन घ्यायचे. गोल्फच्या आरशाचे आणि या पट्टीचे काम एकच, मोजण्याआधी मोजणाऱ्याची जागा तपासणे.

आता एक प्रश्न. जाड फूटपट्टीने पेन्सिलीची लांबी मोजताना पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी धरावी असे सांगतात. ते का, याचे उत्तर तुम्हीच शोधा.