माळ्यावरच्या संगणकातली अमानत

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्यात आमच्या घरातले फोटोंचे अल्बम गेले. चिखलातून काढलेली पाने एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेलो की चेहरेच पुसले जात. दादीचा एकुलता एक फोटो, अम्मी-अब्बांच्या निकाहचे फोटो, जहाजाने हजला निघालेले दादा... सारे गेले असे धरूनच आम्ही चाललो होतो.

काही महिन्यांनी अम्मीला आठवले. मरहूम अब्बांनी हे सगळे फोटो एकेक करून स्कॅन केले होते, शिवाय खानदानाचा शिजराही टाइप करून ठेवला होता. तो जुना संगणक माळ्यावर होता, त्यामुळे पुरातून वाचला होता.

संगणक तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. विंडोज एक्सपी. फोटो जागच्या जागी होते, पण बाहेर काढायचे कसे? सीडीचा कप्पा उघडेना, पेन ड्राइव्ह लावला तर संगणक त्याची दखलच घेईना. मागच्या बाजूला नेटवर्कची खोबण मात्र शाबूत होती. आपाकडे विंडोज ७ चा जुना संगणक होता. तो आणून दोघांना तारेने जोडायचे ठरले. तासाभराचे काम वाटले होते. तीन संध्याकाळी गेल्या. मनात येईल ते बटण दाबत बसलो, म्हणून. खालून वर, एकेक पायरी तपासत गेलो असतो तर एकाच संध्याकाळी झाले असते. तीच वाट इथे सांगतो.

पहिली पायरी तारेची

तार दोन्हीकडे खोचली, पण खोबणीजवळचा छोटा दिवा लागेना. दिवा नाही म्हणजे पुढचे काहीच तपासण्यात अर्थ नाही. दोष तारेत नव्हता, जोडणीत होता. साध्या तारेने दोन जुने संगणक थेट जोडले, की एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्याही बोलण्याच्याच तारेला मिळते. मग ऐकणार कोण? त्यासाठी पूर्वी क्रॉसओव्हर नावाची, आतल्या जोड्या उलटसुलट केलेली तार वापरत. नंतरच्या गिगाबिट कार्डांना हा फरक आपोआप सांभाळता येतो. आमच्या दोन्ही संगणकांची कार्डे त्याआधीची.

घरातला जुना राउटर कामी आला. दोन साध्या तारा त्याच्या लॅनच्या खोबणींत लावल्या आणि दोन्हीकडचे दिवे लुकलुकू लागले. राउटरची इंटरनेटची तार मात्र आधी काढून ठेवली. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नाही; असा संगणक इंटरनेटवर सोडणे धोक्याचे.

दुसरी पायरी पत्त्याची

दिवे लागले, तरी दोघे एकमेकांना ओळखेनात. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून दोघांचे पत्ते पाहिले. आपाच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५, तर अब्बांच्या संगणकाचा चक्क १० ने सुरू होणारा. फार पूर्वी केबलवाल्याने इंटरनेट देताना तो कायमचा भरून ठेवला होता. अशा घरगुती जाळ्यात पहिले तीन आकडे म्हणजे मोहल्ला आणि शेवटचा म्हणजे घर. मोहल्लाच वेगळा, तर गाठ पडणार कशी? ‘पत्ता आपोआप घ्या’ हा पर्याय निवडला आणि राउटरने योग्य पत्ता दिला. कोणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावे की पत्ता देणारे कोणी भेटले नाही, म्हणून संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. राउटर नसेल तर दोन्हीकडे हाताने १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.१.२ भरावे, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा.

तिसरी पायरी दाराची

मग ‘पिंग’ करून पाहिले. एक्सपीवरून राउटरला हाक मारली, लगेच उत्तर आले. आपाच्या संगणकाला मारली, उत्तर नाही. म्हणजे रस्ता ठीक, दार बंद. विंडोज ७ ने हे जाळे ‘पब्लिक’ समजून फायरवॉल घट्ट लावली होती. ते ‘होम’ केले, फाइल शेअरिंग चालू केले आणि उत्तर आले. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज पडली नाही.

शेवटचे कुलूप

आपाच्या संगणकावर एक फोल्डर शेअर केला, त्यात लिहिण्याची परवानगी दिली. एक्सपीवरून उघडायला गेलो तर नाव आणि पासवर्ड मागितला. आपाने कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला जाळ्यावरून आत घेतले जात नाही. आम्ही तासभर ‘परवानगी नाही’ हेच वाचत बसलो. अखेर खात्याला पासवर्ड दिला आणि फोल्डर उघडला.

दुसरा संगणक विंडोज १० किंवा ११ चा असेल, तर एवढ्याने भागेलच असे नाही. एक्सपीची फाइल देण्याघेण्याची भाषा एसएमबी-१. तिच्यातल्या त्रुटीतून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, आणि त्याच वर्षाअखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ही भाषा सहसा मुळातच दिली जात नाही. तिथे हट्ट करू नये. हार्ड डिस्क काढून कन्व्हर्टरने जोडून देणारा दुरुस्तीवाला गाठावा.

आधी काय काढावे?

जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून पुन्हा मिळणार नाही ते आधी: फोटो, मग शिजरा, गाणी-सिनेमे शेवटी किंवा नाहीच. ‘कट’ करू नये, ‘कॉपी’च करावे, तेही थोडेथोडे. १०० एमबीपीएसच्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जातात. जुनी डिस्क त्याहून मंदही असू शकते. शेवटी दोन्ही फोल्डरांतल्या फाइलींची संख्या आणि आकार जुळवून पाहावा.

एक गोष्ट आम्ही विसरणार होतो. शिजरा आपाच्या संगणकावर उघडला तर नुसती अगम्य चिन्हे! अब्बांनी तो युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टात टाइप केला होता. विंडोजच्या फोल्डरातून तो फॉन्टही आणून बसवला, तेव्हा नावे वाचता आली. ज्यांच्याकडे इनपेजमधले जुने उर्दू मजकूर असतील, त्यांनी तो संगणक चालू आहे तोवर मजकुराची चित्रे किंवा पीडीएफ करून घ्यावीत.

तिसऱ्या रात्री इशाच्या नमाजनंतर कॉपी पूर्ण झाली, अलहमदुलिल्लाह. दादीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा अम्मी काही बोलली नाही. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा पाहत राहिली. आता त्या फोटोंची एक प्रत आपाकडे आहे, एक आमच्याकडे आणि तिसरी मुंबईच्या चाचांकडे. तिन्ही एका छताखाली ठेवायच्या नाहीत, एवढे पुराने आम्हांला शिकवले. आपल्याही माळ्यावर असा एखादा संगणक असेल, तर येत्या सुट्टीत धूळ झटकून तो एकदा सुरू करून पाहा.