पोटातलं पाणी, किमो आणि काही गैरसमज

कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या केम गावाहून रेल्वेनं कुर्डुवाडी गाठायची, तिथून बार्शी. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल या भागातल्या बायकांच्या ओळखीचं आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. तरी काही समजुती हटत नाहीत.

‘पिशवीची तपासणी झाली, आता काळजी नाही.’ ती तपासणी गर्भाशयमुखाची असते आणि ती जरूर करावी. अंडाशयाचा कॅन्सर मात्र तिच्यात सापडत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांची अंडाशयासाठी तपासणी करूनही मृत्यू घटले नाहीत, हे 2021 मध्ये स्पष्ट झालं. म्हणून पोट सतत फुगलेलं राहिलं, दोन घासांत भरलं, तर ते पित्तावर ढकलू नका, सोनोग्राफी करा.

‘पोटात पाणी झालंय, काढलं की बरं वाटेल.’ बरं वाटतं, पण थोडेच दिवस. पाणी यकृताच्या आजारानं किंवा टीबीनंही होतं, म्हणून काढलेलं पाणी तपासायला पाठवलंच पाहिजे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते, त्यानं रक्तवाहिन्या पाझरू लागतात. साचलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशींचे पुंजके तरंगतात आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर जाऊन बसतात. तिथल्या चरबीपेशी त्यांना इंधन पुरवतात, हे शिकागोच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. ‘अंडाशयाचा आजार, मग ऑपरेशनमध्ये चरबी का काढली?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बेव्हॅसिझुमॅब हे औषध त्या व्हीईजीएफलाच अडवतं.

‘किमो लागू पडली नाही, म्हणजे औषध हलकं दिलं.’ कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही मुख्य औषधं बार्शीत तीच, मुंबईतही तीच. बहुतेकींना ती सुरुवातीला लागू पडतात. पुढच्या टप्प्यातला आजार मात्र बऱ्याचदा उलटतो. त्यात पेशींचा स्वतःचा चिवटपणा असतो, तसा भोवतालचाही हात असतो: तंतूंचं घट्ट जाळं, विस्कटलेला रक्तपुरवठा, त्यामुळे आतवर कमी पोचणारं औषध. या भोवतालात शरीराच्या संरक्षक पेशीही येतात. अंडाशयाच्या कॅन्सरवरच्या 2003 मधल्या एका अभ्यासात ज्यांच्या गाठीत शरीराच्या संरक्षक टी-पेशी शिरल्या होत्या, त्यांपैकी 38 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होत्या. ज्यांच्यात त्या नव्हत्या, त्यांपैकी जेमतेम 4.5 टक्के.

यावरून ‘मग या संरक्षक पेशींना बळ देणारी महागडी इम्युनोथेरपीच घेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. पण ही गाठ संरक्षक पेशींना बाहेर रोखते, आत आलेल्यांना थंड करते. त्यामुळे ते उपचार इथे आजवर थोड्याच जणींना उपयोगी पडले आहेत. शेत विकायला काढण्याआधी डॉक्टरांना विचारा: आमच्या पेशंटच्या गाठीचा रिपोर्ट पाहता याचा उपयोग होईल का? आणि बीआरसीए जनुकांची तपासणी झाली आहे का?