विलंब कोठे होतो ?

'इंटरनेट हळू चालते' ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. तथापि 'हळू' या एका शब्दात दोन निरनिराळे दोष दडलेले असतात, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. गेल्या पावसाळ्यात आम्हां तिघा विद्यार्थ्यांना हा भेद अनुभवाने शिकावा लागला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीची शिष्यवृत्तीसाठी तोंडी परीक्षा होती. परीक्षक मुंबईस आणि ती येथे बडोद्यास, आपल्या घरी संगणकापुढे. वेळ सायंकाळची. तिचे उत्तर पोचण्यापूर्वीच परीक्षक पुढचा प्रश्न विचारू लागत आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळे. अखेर परीक्षकांनी आठ दिवसांनी पुन्हा वेळ देण्याचे मान्य केले. तिच्या वडिलांनी लागलीच दरमहा अधिक पैसे मोजून दुप्पट वेगाची जोडणी घेतली. पण दोष तसाच राहिला. तेव्हा काका आम्हांला म्हणाले, "तुम्ही विज्ञान मंडळाची मुले ना ? पाहा बरे, काय होते ते."

प्रथम वेग व विलंब यांतील फरक पाहू. एका सेकंदात किती माहिती येते, तो वेग. तो मेगाबिटांत मोजतात. आपला संदेश जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास लागणारा काळ म्हणजे विलंब. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. मालगाडी एका खेपेस हजारो पोती नेते. परंतु पत्राचे उत्तर लवकर हवे असेल, तर पोत्यांची संख्या कामास येत नाही. चित्रपट पाहण्यास वेग पुरतो, संभाषणास मात्र अल्प विलंब लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात.

काही विलंब निसर्गतःच अटळ असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो. बडोदे ते मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर. जाऊन येऊन ४ मिलिसेकंद झाले. लंडन मुंबईपासून सुमारे ७,२०० किलोमीटर दूर असल्याने तेथील उत्तर ७२ मिलिसेकंदांच्या आत येणे शक्यच नाही. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत तर जवळजवळ अर्धा सेकंद जातो. आमच्या मैत्रिणीचा संदेश जमिनीवरूनच जात होता. तेव्हा वाटेतील वळणे व यंत्रांचा वेळ धरूनही एवढ्या खोळंब्याचे कारण अंतरात नव्हते.

विलंब मोजण्याचे साधन प्रत्येक संगणकात असते. त्याचे नाव 'पिंग'. अमेरिकेतील माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात ते रचले आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याचे नाव ठेवले. 'पिंग' हा शब्द व इच्छित पत्ता टंकला, की प्रत्येक हाकेस किती वेळाने ओ आली, ते पडद्यावर दिसते.

आम्ही मार्गाचे तुकडे पाडले. पहिला तुकडा संगणक ते घरातील राउटर. बिनतारी जोडणीवर उत्तर बहुधा ३ मिलिसेकंदांत येई, परंतु मधूनच ८० वर जाई. तार जोडताच ते १ च्या आत स्थिरावले. राउटर लोखंडी कपाटामागे होता, तो आम्ही उघड्या जागी ठेवला. सुधारणा झाली, पण ८० ने संभाषण मोडत नाही. दुसरा तुकडा राउटरपासून बाहेरचा. तेथे भर दुपारी २० मिलिसेकंदच लागले ! आम्ही निराश झालो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अरे, दुपारी कधीच बिघडत नाही. संध्याकाळी दादा कामावरून आला, की सुरू होते."

सायंकाळी आम्ही पुन्हा मोजू लागलो. दादा घरात आले आणि २० चे ७०० झाले. त्यांचा फोन जोडणीवरून काढला, पुन्हा २०. जोडला, पुन्हा ७००. तीन वेळा तसेच घडले. दादांचा फोन घरी येताच दिवसभराची छायाचित्रे व चलच्चित्रे दूरच्या साठ्याकडे पाठवू लागत असे.

याचे कारण टपालकचेरीच्या खिडकीपाशी दिसते. पुढच्या माणसाजवळ शंभर पार्सले असतील, तर एकच पत्र घेऊन आलेल्यासही थांबावे लागते. राउटर बाहेर जाणारी माहिती रांगेत ठेवतो. रांग लांबली की संभाषणाचे लहानसे संदेश मागे अडकतात. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना २०१० मध्ये स्वतःच्या घरीच हा दोष आढळला. त्यास 'बफरब्लोट' म्हणतात. काकांनी वाढविला तो माहिती घरात येण्याचा वेग. बाहेर जाण्याची वाट होती तेवढीच अरुंद राहिली.

यावर उपाय आहेत. कॅथलीन निकल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग लांबू न देण्याची एक रीत मांडली. तशा प्रकारची सोय काही राउटरांत असते. काकांच्या राउटरात ती नव्हती. म्हणून छायाचित्रे रात्री सर्व निजल्यावरच जावीत, अशी योजना आम्ही फोनवर केली. त्यास एक पैही लागली नाही.

सारांश, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक माप वेळेसह वहीत नोंदवावे आणि घरातील तुकडे निर्दोष ठरल्यावरच बाहेर बोट दाखवावे. तार जोडून व इतर सर्व उपकरणे बंद ठेवूनही विलंब राहिला, तर मात्र तीच वही जोडणी पुरविणाऱ्याकडे न्यावी. मोजमापासह केलेली तक्रार सहसा टाळता येत नाही.

आठ दिवसांनी परीक्षा निर्विघ्न पार पडली. पुढील महिन्यापासून काकांनी वाढीव वेगाचे पैसेही वाचविले. शिष्यवृत्तीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसाही लागो, या खेपेस परीक्षकांनी आमच्या मैत्रिणीची उत्तरे ऐकली आहेत, याचे आम्हांस समाधान आहे.