सातबाऱ्यापासून पूर्वसंमतीपर्यंत

रिसोड तालुक्यात खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा-गहू, पाणी असेल तिथे हळद. या शेतीला लागणारी सरकारी मदत एका दारात मिळत नाही. पेरणीयंत्र आणि ठिबक तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या विहिरींच्या योजना पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे. शेळीगट आणि दुधाळ जनावरे पशुसंवर्धन खात्याकडे, त्यांचे पोर्टलही निराळे. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात अनुदान मिळत नाही. पण आपल्या जमिनीत काय चालेल हे तिथे आधी विचारलेले बरे, कारण अनुदान आहे म्हणून घेतलेले यंत्र पुढे गोठ्यात गंजते.

योजनेचा शोध खरा सुरू होतो तो सातबाऱ्यावर. एक हेक्टरपर्यंत अत्यल्प, दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक. अनुदानाचा टक्का यावर ठरतो. ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या पूरक अनुदानाने ते 80 आणि 75 होतात. हा टक्का सरकारने ठरवलेल्या खर्चावर धरतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर कसणाऱ्या मुलाला आधी वारसनोंद करून घ्यावी लागते. आधारवर ‘पांडुरंग’ आणि सातबाऱ्यावर ‘पांडूरंग’ एवढ्या फरकानेही काम अडू शकते.

अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर करायचा, त्याचे शुल्क 23 रुपये 60 पैसे. सेतू केंद्रात आधार पडताळणीच्या वेळी मात्र खुरपे-विळा धरून झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. तो पुसून, पाणी लावून पुन्हा टेकवतात. नाहीच जमले तर ओटीपी, आणि तो जातो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर. 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि निवडीत सोडतीऐवजी आधी येईल त्याला प्राधान्य मिळू लागले. त्यामुळे कागद तयार असणाऱ्याचा नंबर पुढे लागतो.

निवड झाल्यावर दरपत्रक आणि इतर कागद अपलोड करायचे, मग खरेदीची पूर्वसंमती येते. तिच्याआधी खरेदी केली की अनुदान गेलेच. मृगाचा पाऊस पडून शेजारी पेरायला लागले, की हे थांबणे फार जड जाते. पूर्वसंमतीनंतरही यंत्राचे पैसे बहुधा शेतकऱ्यानेच आधी भरायचे असतात. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्याकडेच ही रक्कम नसते, आणि पुष्कळ अर्ज इथेच सुटतात. बिल चढवल्यावर मोका तपासणी होते. यंत्रावरचा क्रमांक बिलाशी ताडून फोटो काढतात. पैसे आधारशी जोडलेल्या बँकखात्यात येतात. आधार शेवटी कोणत्या बँकेला जोडले होते हे पुष्कळांच्या लक्षात नसते, म्हणून रक्कम दिसली नाही की जुन्या बँकेचे पासबुकही भरून पाहावे लागते.