हटवादी फायली

भोरच्या आणि तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडील आजीबाईंकडून टिपून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या मी संगणकाला बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर जपल्या आहेत. त्यांच्या शेजारी काही निकामी फायली अशा ठाण मांडून बसल्या, की पुसता पुसेनात! “फॉरमॅट करून टाका, सर!” असा सल्ला मिळतोच. पण वाचकहो, ढेकूण झाले म्हणून वाडा कुणी जाळतो का?

या हट्टाची कारणे बहुधा साधी असतात. एखादा प्रोग्राम ती फाइल धरून बसलेला असतो. तो बंद करावा, संगणक पुन्हा सुरू करावा. पत्त्यासकट नाव २६० अक्षरांच्या आसपास गेले, की विंडोज अडून बसते. वरच्या फोल्डरांची नावे आखूड करावीत. मधेच वायर ओढल्याने डिस्कची नोंदवहीच बिघडली असेल, तर ‘चेकडिस्क’ ती दुरुस्त करू शकते. मात्र त्या दुरुस्तीत चांगली फाइलही दगावू शकते. म्हणून आधी ओव्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, ती उघडून ऐकायची, आणि मगच दुरुस्ती!

नको ती फाइल काय, उद्याही पुसता येईल. आजीचा आवाज मात्र पुन्हा कुठून आणणार?