साखरेची काच

आमच्या घरी थर्मामीटर म्हणून एक पाण्यानं भरलेली वाटी होती. चांदूर बाजारातलं जुनं घर, पौषातली थंडी, चुलीवरच्या कढईत फसफसणारा गूळ, कोपऱ्यात सालं पाखडून ठेवलेले फल्लीदाणे, आणि आजी चमच्याच्या टोकावर पाकाचा थेंब घेऊन तो वाटीतल्या पाण्यात सोडायची. थेंब विरघळला की तिचं तोंड वाकडं. मऊ गोळी झाली तर "अजून आहे." मग एकदाचा तो थेंब तळाशी जाऊन घट्ट बसायचा, ती तो काढून पितळी ताटलीत टाकायची आणि ताटली टण्ण वाजायची. त्या आवाजासरशी घरात धावपळ.

"पाय, वाजला. आता थांबशीन तं जयून जाईन!"

पुढे कैक वर्षांनी घरीच टॉफी करायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी साखरेच्या पाकाचं खरंखुरं थर्मामीटर आणलं. एका हातानं आजीसारखे थेंब सोडत होतो, एक डोळा काट्यावर होता. थेंब टण्ण वाजला तेव्हा काटा १५० अंशांजवळ उभा होता. जगभरच्या टॉफीच्या कृतींत हाच आकडा असतो. अंश सेल्सिअस हा शब्द आजीनं उभ्या आयुष्यात उच्चारला नसेल.

वाटीतल्या थेंबाला हे तापमान कळतं कसं? पाणी १०० अंशांना उकळतं, त्यापुढे ते तापत नाही. पण त्यात साखर विरघळली की उकळण्याची पातळी वर सरकते, आणि साखरेचं प्रमाण वाढेल तशी सरकतच राहते. म्हणजे उकळता पाक किती तापलाय हे कळलं की त्यात पाणी किती उरलंय तेही कळतं. ११२ अंशांच्या आसपास पाकात साधारण ८५ टक्के साखर असते. दीडशेला पोचेपर्यंत ती ९९ टक्के होते. शंभर भागांत पाण्याचा एकच भाग उरतो. पाक शिजवणं म्हणजे खरं तर पाणी हाकलणं. कमी पाणी उरलेला थेंब गार झाल्यावर अधिक कडक होतो, म्हणून थेंबाचा कडकपणा आणि थर्मामीटरचा काटा एकच गोष्ट सांगतात. आपल्या स्वयंपाकघरात ही पट्टी कधीपासून आखलेली आहे: एकतारी, दोनतारी, गोळीबंद. गोळीबंद म्हणजे ११५ ते १२० च्या घरातला पाक. त्याच्या पुढे मात्र आपल्याकडं शब्द संपतात आणि नुसता आवाज उरतो, टण्ण.

आता खरी गंमत. ही टण्ण वाजणारी टॉफी काच आहे. उपमा म्हणून सांगत नाही, पदार्थविज्ञानात तिला काचच म्हणतात. खडीसाखरेत साखरेचे रेणू शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीनं, ठरल्या अंतरावर, एकाच्या मागं एक उभे असतात. म्हणून तिला कोन असतात, सपाट बाजू असतात. पाक तापवला की ही रांग मोडते आणि सगळे सैरावैरा धावू लागतात. तो पाक हळूहळू, दोऱ्याला धरून, दिवसेंदिवस गार होऊ दिला तर रेणू पुन्हा आपापली जागा शोधतात आणि खडीसाखर होते. पण दाट पाक भसकन ताटात ओतला तर रांग लावायला त्यांना वेळच मिळत नाही. लहानपणी खेळताना कोणी 'स्टॅच्यू' म्हणून ओरडलं की जो जिथं, जसा, एक पाय वर करून असेल तसाच थिजायचा. टॉफीतले रेणू तसे थिजलेले असतात. खिडकीच्या तावदानात वाळूचं जे होतं, तेच इथं साखरेचं.

काचेला गोठण्याचा ठरलेला क्षण नसतो. पाण्याचा बर्फ शून्यावर होतो. ही साखर गार होता होता नुसती दाट होत जाते, मधासारखी, मग डांबरासारखी, मग भिजवलेल्या कणकेसारखी, आणि मग एकदम कडक. त्या कणकेच्या अवस्थेत आजी तूप लावलेल्या लाटण्यानं पट्टी, म्हणजे चिक्की, लाटायची आणि सुरीनं रेघा पाडायची. दोन-तीन मिनिटांची ती संधी. ती हुकली की पट्टीऐवजी पाट फुटेल.

तालुक्यातली बहिरमची यात्रा डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीभर चालते. लोक तिथं रोडगे-वांग्याची भाजी आणि हंडीतलं मटण खायला जातात, आम्ही पोट्टे रेवड्यांवर डोळा ठेवून असायचो. रेवडी करणारा याच कणकेसारख्या अवस्थेतला पाक खुंटीवर टाकून ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. पिवळसर, आरपार दिसणारा गोळा बघता बघता पांढराशुभ्र होतो. त्यात तो काहीही मिसळत नाही. प्रत्येक दुमडीत हवा अडकते, तिचे बारीक बुडबुडे उजेड विखुरतात, आणि डोळ्यांना पांढरं दिसतं. रेवडी हलकी आणि कुरकुरीत लागते ती याच हवेमुळं.

माझी पहिली टॉफी मात्र बिघडली. रंग आला होता, वास सुटला होता, आणि ओतायच्या अर्धा मिनिट आधी सगळी कढई एकदम पांढरट, रवाळ, कोरड्या रेतीसारखी झाली. आपल्या भाषेत याला शब्द आहे: पाक साखरला. मधही असाच साखरतो. एवढ्या किचकट प्रकाराला मराठीनं एकच सुटसुटीत क्रियापद देऊन ठेवलंय याचं मला फार कौतुक वाटतं. झालं असं होतं की कढईच्या काठाला न विरघळलेले साखरेचे दोन-चार कण चिकटून राहिले होते आणि ढवळताना मी ते आत ओढले. रांग लावायला एखादा पुढारी पुरतो. एक स्फटिक दिसला की बाकीचे रेणू त्याच्यामागं उभे राहतात आणि क्षणात सगळी कढई शिस्तीत येते.

त्यावरचा उपाय आजीकडं होता. साखरेची पट्टी करायची असली की ती पाकात लिंबाचे थेंब पिळायची. मला वाटायचं चवीसाठी. लिंबाचं आम्ल साखरेचा रेणू मधोमध तोडतं आणि त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन निराळ्या बांध्याचे रेणू निघतात. हे दोघं रांगेत बसत नाहीत, मध्येच कोपर काढून उभे राहतात आणि इतरांची ओळ मोडतात. कारखान्यात गोळ्यांच्या पाकात ग्लुकोजचा पाक घालतात तोही याचसाठी. गुळात असे आडमुठे रेणू मुळातच असतात, त्यामुळं गुळाची पट्टी सहसा साखरत नाही.

तर कृती अशी. २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, पाव वाटी पाणी, लिंबाचे सात-आठ थेंब, चिमूटभर मीठ. कढई जाड बुडाची आणि पाहिजे त्यापेक्षा मोठी घ्या, कारण पाक फुगतो. आधी साखर, पाणी आणि लिंबू मंद आचेवर ठेवून दाणा न दाणा विरघळवा. काठाला चिकटलेली साखर ओल्या कापडानं किंवा ब्रशनं आत घ्या. मग लोणी आणि मीठ. मध्यम आचेवर एकाच गतीनं ढवळत राहा. आच मध्येच वाढवली की लोणी फुटून तूप वर तरंगतं. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, त्यामुळं पहिली काही मिनिटं नुसतीच फसफस होते. तेव्हा धीर धरा. पुढे बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, रंग आधी सायीचा, मग नव्या गुळाचा होतो. वाटीतला थेंब टण्ण वाजला की तूप लावलेल्या ताटात ओता. एक गोष्ट मात्र पोरांना आधीच बजावून ठेवा: या पाकाला बोट लावायचं नाही. उकळत्या पाण्यापेक्षा तो ५० अंशांनी जास्त गरम असतो आणि वर कातडीला चिकटून बसतो. शेजारी गार पाण्याचं भांडं हवंच.

लोणी नसेल तर तूप चालेल का, असं मला हटकून विचारतात. चालेल, पण टॉफीची चव येणार नाही. नुसती साखर तापून जो वास येतो तो वेगळा, आणि लोण्यातली प्रथिनं साखरेबरोबर तापून जो खमंगपणा येतो तो वेगळा. या दुसऱ्या प्रकाराचा अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यानं १९१२ साली मांडला. भाकरीवरचे काळसर फोड, भाजलेल्या फल्लीचा वास, आटवलेल्या खव्याचा रंग ही सगळी त्याच कुळातली मंडळी. तूप कढवताना ही प्रथिनं बेरीच्या रूपानं खाली राहतात आणि आपण ती गाळून टाकतो. म्हणून तूप वापरायचंच असेल तर चमचाभर दुधाची पावडर घाला. किंवा ती बेरीच घाला. मला विचाराल तर ती जास्त चांगली.

आमच्या भागाला शोभेल अशी एक भर. मोर्शी, वरूड, अचलपूर, चांदूर बाजार हा सगळा संत्र्यांचा पट्टा. आंबिया बहाराच्या दिवसांत घरोघरी सालींचा ढीग पडतो आणि उकिरड्यावर जातो. संत्र्याचा वास त्या सालीतच असतो, तिच्या बारीक पिशव्यांमधल्या तेलात. साल मुडपून दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की तडतड ठिणग्या उडतात त्या याच तेलाच्या. वरचा फक्त नारिंगी भाग किसून, कढई खाली उतरवल्यावर पाकात टाका. आधी टाकला तर तेल उडून जातं. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो.

संत्र्याची गोळी आपल्याकडं जुनीच. मुंबईत पारले कंपनी १९२९ साली उभी राहिली ती गोळ्या-चॉकलेटांवर. बिस्किटं मागाहून आली. मालेगावजवळच्या रावळगावात वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४० च्या दशकात त्याच नावाच्या गोळ्या आल्या. कारखान्यात पाक निर्वात भांड्यात उकळतात. हवेचा दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला निघून जातं, साखर करपत नाही, आणि गोळी काचेसारखी स्वच्छ निघते. आणि कँडी हा शब्द इंग्रजांकडून आला असं वाटत असेल तर थांबा. तो आपला खंड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूळ, खंड, शर्करा असे प्रकार नोंदलेले आहेत. तो शब्द फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेला आणि चकचकीत कागदात गुंडाळून परत आला.

साखरेच्या या काचेची एक खोड आहे, ती पाण्याला भुलते. पूर्ण कोरड्या साखरेची काच साठ-सत्तर अंशांना मऊ पडू लागते. पण तिच्यात तीन-चार टक्के पाणी शिरलं की हा आकडा चाळिशीच्या आसपास उतरतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४४-४५ ला टेकतो. तेव्हा शाळकरी खिशातली टॉफी कागदाला लडबडून बसते यात दुकानदाराची लबाडी नसते. त्या तापमानाला ती काच राहतच नाही. पावसाळ्यात उलट हवाच तिला पाणी पाजते. आधी वरचा थर चिकट होतो, मग थिजलेल्या रेणूंना हलायला जागा मिळते, आणि इतके दिवस खोळंबलेली रांग पुन्हा लागू लागते. जुनी टॉफी वरून पांढरट, भुसभुशीत दिसते ती यामुळं. आठ दिवसांनी का होईना, साखर साखरतेच.

त्यामुळं वड्या गार झाल्या झाल्या बटर पेपरात एकेक गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा फ्रीजमध्ये मुळीच टाकू नका. बाहेर काढला की त्यावर दव धरतं. कढई घासत बसू नका, पाणी घालून उकळा, सगळी साखर सुटून येते. आणि हा उद्योग करायचा तर हिवाळ्यातच करा. मृग लागल्यावर आमच्या घरी पट्टीचं नाव कोणी काढलं की आजी एवढंच म्हणायची, "आता नोको, वाजत नाही."